थायरॉइडचा रिपोर्ट, स्टेरॉइडची पुडी आणि विसरलेल्या ॲड्रिनल ग्रंथी

टीएसएच ७.८, आणि आकड्यापुढे ठळक छापलेला बाण. असा रिपोर्ट मोबाइलवर आला की संध्याकाळपर्यंत नात्यातल्या दोघी-तिघींचे सल्ले येतात, एखादी आपल्या बाटलीतल्या गोळ्याही देऊ करते. थायरॉइडची तपासणी आता आरोग्य तपासणीच्या जवळजवळ प्रत्येक पॅकेजमध्ये असते. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या, जेमतेम चार-पाच ग्रॅम वजनाच्या दोन ॲड्रिनल ग्रंथींची आठवण मात्र बऱ्याचदा पेशंट अतिदक्षता विभागात पोचल्यावर होते. थायरॉइड आणि ॲड्रिनल यांचा एकमेकींशी संबंध आहे, आणि तो लक्षात न घेता सुरू केलेली साधी थायरॉइडची गोळीसुद्धा क्वचित जिवावर बेतते. डॉक्टरांसमोर बसताना काय सांगायचं, काय विचारायचं आणि घरी काय पाळायचं, ते इथे क्रमाने लिहिलं आहे. डोस ठरवण्याचं काम डॉक्टरांचंच.

आधी यंत्रणा

गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली थायरॉइड असते. ती मुख्यतः टी-४ हे हॉर्मोन बनवते. शरीरातल्या पेशी त्याचं जास्त प्रभावी अशा टी-३मध्ये रूपांतर करतात. तिच्यावर देखरेख मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पिट्युइटरी ग्रंथीची. पिट्युइटरी हा मुकादम समजा आणि ती पाठवते ते टीएसएच हॉर्मोन हा त्याचा आवाज. थायरॉइडचं काम ढिलं पडलं की मुकादमाचा आवाज चढतो, म्हणजे टीएसएच वाढतं. थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करू लागली की तो गप्प होतो, टीएसएच खाली जातं. पण मुकादमच आजारी पडला तर? मग हॉर्मोन कमी असूनही आवाज चढत नाही आणि रिपोर्टवर टीएसएच ‘नॉर्मल’ दिसतं.

हीच पिट्युइटरी एसीटीएच हे दुसरं हॉर्मोन रक्तात सोडते आणि ॲड्रिनलकडूनही काम करून घेते. ॲड्रिनलच्या बाहेरच्या थरात कॉर्टिसॉल बनतं. ते रक्तदाब आणि रक्तातली साखर टिकवतं, आजारपणात शरीराला उभं ठेवतं. त्याच थरात मीठ-पाण्याचा तोल राखणारं अल्डोस्टेरॉन आणि थोडी पुरुषी हॉर्मोन्सही तयार होतात. आतल्या गाभ्यात ॲड्रिनलिन. कॉर्टिसॉलला दिवसाची लय असते. सकाळी आठच्या आसपास ते भरपूर असतं आणि मध्यरात्री तळाला जातं. म्हणून दुपारी चार वाजता सहज म्हणून केलेल्या कॉर्टिसॉलच्या तपासणीतून फारसं काही हाती लागत नाही.

पहिली पायरी: रक्त कधी आणि कसं द्यायचं

थायरॉइडसाठी उपाशीपोटी असण्याची सक्ती नाही. पण टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतं. एकदा सकाळी सात वाजता आणि पुढच्या वेळी दुपारी तीनला रक्त दिलं तर आकडा बदलेल आणि उगाच डोस वर-खाली होईल. वेळ आणि शक्यतो लॅब तीच ठेवा. गोळी चालू असेल तर त्या सकाळी रक्त देऊन झाल्यावर घ्या, कारण गोळीनंतर काही तास फ्री टी-४ (रक्तात मोकळं फिरणारं टी-४) थोडं चढलेलं दिसतं.

केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीआधी किमान दोन दिवस बंद ठेवा. डोस मोठा असेल तर किती दिवस ते डॉक्टरांना विचारा. अनेक लॅबमधली तपासणीची पद्धत बायोटिनमुळे फसते. टीएसएच खोटं कमी, फ्री टी-४ खोटं जास्त येतं आणि धडधाकट माणसाच्या रिपोर्टवर थायरॉइडच्या अतिरेकाचं हुबेहूब चित्र उमटतं. गंमत म्हणजे थायरॉइड कमी झालं की केस गळतात, केस गळतात म्हणून बायोटिन घेतलं जातं, आणि मग रिपोर्ट उलटंच सांगतो.

डेंग्यू, न्यूमोनिया, मोठं ऑपरेशन अशा आजारपणात किंवा त्यातून उठताना टीएसएच तात्पुरतं इकडे-तिकडे होतं. तसाच सबळ संशय नसेल तर तपासणी बरं वाटल्यावर सहा आठवड्यांनी करा.

दुसरी पायरी: आकडे जोडीने वाचा

बहुतेक लॅबमध्ये टीएसएचची मर्यादा साधारण ०.४ ते ४ किंवा ४.५ अशी छापलेली असते. या एका आकड्यावर निर्णय घेऊ नका. शेजारी फ्री टी-४ हवंच.

टीएसएच वाढलेलं आणि फ्री टी-४ कमी: ग्रंथी खरोखर थकली आहे, गोळी लागणार. याचं नेहमीचं कारण हाशिमोटोचा आजार, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटणं. जपानच्या हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली त्याचं वर्णन केलं. अँटी-टीपीओ ही तपासणी त्याचा माग देते. ती एकदा केली की पुरे. दर सहा महिन्यांनी तिचा आकडा मोजत बसण्यात पैसे जातात, उपचार बदलत नाही.

टीएसएच थोडं वाढलेलं, समजा ४.५ ते १०च्या मध्ये, पण फ्री टी-४ ठीक: इथे घाई नको. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. बऱ्याच जणांचा आकडा आपोआप खाली येतो. टीएसएच सातत्याने १०च्या वर असेल, गरोदर असाल किंवा मूल हवं असेल, गळ्याला गाठ असेल, तर गोष्ट वेगळी. साठी-सत्तरीच्या आई-वडिलांना मात्र ६ किंवा ७ टीएसएचसाठी गोळी लावण्याचा आग्रह धरू नका. वयानुसार टीएसएच थोडं वाढतंच. ६५ वर्षांवरच्या लोकांवर युरोपात झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा सौम्य वाढीसाठी दिलेल्या गोळीने थकवा कमी झाला नाही. जास्त डोसने हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि हाडं ठिसूळ होणं हे धोके मात्र खरे आहेत.

फ्री टी-४ कमी आणि टीएसएच नॉर्मल किंवा कमी: ही जोडी दिसली की थांबा. रिपोर्टवर टीएसएचपुढे बाण नसल्यामुळे ती नजरेतून निसटते. इथे दोष पिट्युइटरीत असू शकतो, आणि तसं असेल तर ॲड्रिनलही अडचणीत असण्याची शक्यता मोठी.

तिसरी पायरी: पहिल्या गोळीआधीचे प्रश्न

पाश्चात्त्य देशांत दुर्मीळ झालेलं पण आपल्याकडे अजून दिसणारं एक दुखणं आहे, शीहान सिंड्रोम. बाळंतपणात खूप रक्तस्राव होतो, रक्तदाब कोसळतो आणि गरोदरपणात फुगलेल्या पिट्युइटरीचा रक्तपुरवठा तुटतो. ती बाई वाचते, पण अंगावर दूध येत नाही, पाळी परत येत नाही, काखेतले केस विरळ होतात, कायम थकवा आणि थंडी. ‘बाळंतपणानंतर अशक्तपणा राहिला’ एवढ्यावर वर्षं निघून जातात. मग कधीतरी कोणी थायरॉइड तपासतं, टी-४ कमी निघतं आणि गोळी सुरू होते.

घात तिथेच होतो. थायरॉइडचं हॉर्मोन शरीराचा वेग वाढवतं आणि कॉर्टिसॉल जास्त झपाट्याने खर्ची पाडतं. कॉर्टिसॉल आधीच तुटपुंजं असेल तर काही दिवसांत उलट्या, खाली गेलेला रक्तदाब, कमी साखर, गुंगी. यालाच ॲड्रिनल क्रायसिस म्हणतात. म्हणून अशा पेशंटमध्ये क्रम ठरलेला आहे: आधी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची गोळी), मग थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी).

तेव्हा गोळी सुरू होण्याआधी डॉक्टरांना पुढच्या गोष्टी न विचारताही सांगा. बाळंतपणात रक्त चढवावं लागलं होतं का. त्यानंतर पाळी यायची थांबली का. वजन घटतंय का (थायरॉइड कमी असताना सहसा ते वाढतं). उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते का. मीठ, लोणचं खावंसं फार वाटतं का. तळहाताच्या रेषा, हिरड्या, जुने व्रण काळवंडलेत का. क्षयरोग झाला होता का. आणि कुठल्याही रूपात स्टेरॉइड (कॉर्टिसॉलसारखं काम करणारं औषध) घेतलं आहे का. यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर सकाळी आठचं कॉर्टिसॉल आणि सोडियम-पोटॅशियम आधी बघून घेणं शहाणपणाचं. आणखी एक बारकावा: उपचार न झालेल्या ॲड्रिनलच्या आजारात टीएसएच थोडं वाढतं आणि हायड्रोकॉर्टिसोन सुरू झाल्यावर आपोआप उतरू शकतं. म्हणजे तिथे थायरॉइडच्या गोळीची गरजच नसते.

चौथी पायरी: गोळी आणि सकाळचा चहा

थायरॉक्सिन स्वस्त आणि उत्तम औषध आहे, पण शोषलं जाताना नखरे फार. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याबरोबर घ्या आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही नको. आपल्याकडे गाडी अडते ती चहावर. गोळी तोंडात आणि गॅसवर आधण, असं अनेक घरांत चालतं. दुधाचा चहा-कॉफी लगेच घेतल्याने शोषण घटतं आणि ते रोज सारखंच घटेल याचाही भरवसा नसतो. चहाशिवाय डोळे उघडतच नसतील तर गोळी रात्री घ्या, जेवणानंतर तीन तासांनी. हा पर्याय तितकाच चांगला आहे आणि सकाळची ओढाताण वाचते. उपवास निर्जळी असला तरी गोळी चुकवू नका.

लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉक्सिनपासून चार तास लांब ठेवा. ॲसिडिटीची औषधं आणि सोयाबीनचे पदार्थही शोषणात आडवे येतात. ते सुरू किंवा बंद केले तर डॉक्टरांना कळवा. बाटली खिडकीत, ओट्याजवळ किंवा फ्रिजवर नको. उष्णता, ओल आणि उजेडाने औषध कमजोर होतं. थायरोनॉर्म असो की एल्ट्रॉक्सिन, एक ब्रँड धरा. मेडिकलवाल्याने बदलून दिला तर काही बिघडत नाही, पण सहा आठवड्यांनी टीएसएच बघा.

पूर्ण गरज साधारण वजनाच्या दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम असते. वयस्कर आणि हृदयविकाराच्या पेशंटना मात्र १२.५ किंवा २५पासून हळूहळू वर नेतात. या औषधाचं अर्धायुष्य सुमारे सात दिवस. म्हणून डोस बदलल्यावर पंधरा दिवसांत तपासणी करून घाबरण्यात अर्थ नाही. सहा ते आठ आठवडे द्या. याच कारणाने एक दिवस गोळी राहिली तर आकाश कोसळत नाही. आठवल्यावर घ्या, दुसऱ्या दिवशी आठवलं तर बरेच डॉक्टर दोन एकदम घेऊ देतात, हृदयविकार असेल तर मात्र आधी विचारा. वजन उतरवण्यासाठी स्वतःहून डोस वाढवणं हा मूर्खपणा आहे; चरबीबरोबर स्नायू आणि हाडंही झिजतात.

गरोदरपणात सगळी घाई रास्त. पहिल्या तिमाहीत बाळ आईच्याच हॉर्मोनवर अवलंबून असतं. आधीपासून गोळी चालू असेल तर चाचणी पॉझिटिव्ह आली त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. डोस साधारण पाव ते एकतृतीयांशाने वाढतो. आठवड्याला दोन गोळ्या जादा, ही त्याची सोपी पद्धत. टीएसएच २.५च्या आत ठेवायचा प्रयत्न असतो आणि निम्मं गरोदरपण होईपर्यंत दर चार आठवड्यांनी तपासणी. नेमक्या याच काळात दवाखान्यातून लोह-कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात आणि सगळ्या एकत्र घेतल्या जातात. थायरॉइड पहाटे, लोह दुपारी, कॅल्शियम रात्री असं वाटून टाका. बाळ जन्मल्यावर त्याचं टीएसएच साधारण तिसऱ्या दिवशी तपासायला सांगा. जन्मजात कमतरता पहिल्या दोन आठवड्यांत पकडून उपचार सुरू केले तर बुद्धीची वाढ वाचते.

मिठाबद्दल थोडं, कारण थायरॉइडचं हॉर्मोन बनायला आयोडीन लागतं. भारताचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२पासूनचा आहे. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी कांगडा खोऱ्यात केलेल्या कामाने आयोडीनयुक्त मिठाचा उपयोग सिद्ध केला. आता सैंधव ‘शुद्ध’ म्हणून रोजच्या स्वयंपाकात आलं आहे. त्यात आयोडीन घातलेलं नसेल तर ते जवळपास नाहीच. मिठागरातून आणलेल्या जाड्या मिठाचंही तेच. समुद्राचं आहे म्हणून त्यात पुरेसं आयोडीन असत नाही. उलट टोकाला जाऊन आयोडीनचे थेंब किंवा समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल घेऊ नका, त्याने ग्रंथी आणखी बिघडते.

थायरॉइड जास्त असेल तर

धडधड, थरथरणारे हात, घाम, वारंवार शौचाला, खाऊनही घटणारं वजन, आणि रिपोर्टवर टीएसएच जवळपास शून्य. इथे पहिला प्रश्न: ग्रंथी जास्त बनवते आहे, की सूज येऊन साठा सांडतो आहे? विषाणूच्या तापानंतर गळा दुखून येणारी सूज किंवा बाळंतपणानंतरची थायरॉइडची सूज काही आठवड्यांत ओसरते. तिला कार्बिमाझोल (हॉर्मोन बनणं रोखणारी गोळी) देऊन उपयोग नाही. ग्रेव्हज आजार असेल, म्हणजे प्रतिकारशक्तीच ग्रंथीला जास्त काम करायला लावत असेल, तर ते लागतं. फरक टीआरएबी या रक्ततपासणीने किंवा किरणोत्सारी औषध देऊन केलेल्या स्कॅनने कळतो. गरोदर असाल तर हा स्कॅन नको.

कार्बिमाझोल घेणाऱ्याने एक वाक्य पाठ करावं: ताप आणि घसादुखी एकदम आली तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजा. हा दुष्परिणाम विरळा, पण गंभीर आहे आणि बहुधा पहिल्या तीन महिन्यांत होतो. डोळे बाहेर आल्यासारखे वाटत असतील तर विडी-सिगारेट पूर्ण बंद. डोळ्यांचा आजार धुराने हमखास बळावतो.

ॲड्रिनल: आपल्या गावातलं खरं कारण

थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली ॲड्रिनल निकामी होण्याचा आजार वर्णन केला तेव्हा त्यांच्या अनेक पेशंटना क्षय होता. आपल्याकडे क्षयरोग आजही त्याचं एक कारण आहे. त्यात एक पेच असतो. क्षयाच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन कॉर्टिसॉलचं विघटन वेगाने करतं. ग्रंथी आधीच अर्धमेली असेल तर क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्यावर पेशंट बरा व्हायच्याऐवजी खचत जातो, आणि उलट्यांचा दोष ‘गरम’ गोळ्यांवर जातो. आधीच हायड्रोकॉर्टिसोन चालू असेल तर या काळात डोस वाढवावा लागतो. थायरॉक्सिनचीही गरज रिफॅम्पिसिनने वाढते.

पण ॲड्रिनल झोपण्याचं सर्वांत मोठं कारण बाहेरून घेतलेलं स्टेरॉइड. सांधेदुखीवर बिनलेबलची पुडी, दम्यावरचं ‘रामबाण’ चूर्ण, अंग भरावं म्हणून मेडिकलमधून आणलेली डेक्सामेथासोनची गोळी, गोरेपणासाठी किंवा गजकर्णावर महिनोन्‌महिने लावलेलं मलम, गुडघ्यात पुन्हा पुन्हा घेतलेली इंजेक्शनं. तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ स्टेरॉइड बाहेरून मिळत राहिलं की पिट्युइटरी एसीटीएच सोडायची थांबते आणि ॲड्रिनल आक्रसतात. मग पुडी संपते, किंवा नातू लेबल नाही म्हणून ती फेकून देतो, आणि आजोबा चार दिवसांत गळून जातात. स्टेरॉइड वाईट म्हणून एकदम बंद करणं हे ते घेत राहण्यापेक्षा लवकर मारू शकतं. संशय आला तर घेणं चालू ठेवून डॉक्टरांकडे जा. डोस आठवड्या-महिन्यांच्या हिशेबाने उतरवला जाईल.

तपासणी सकाळी आठचं कॉर्टिसॉल. दर डेसिलिटरला ३ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी म्हणजे ग्रंथी काम करत नाही हे जवळपास नक्की, १५-१८च्या वर म्हणजे बहुधा ठीक, आणि मधल्या आकड्यांसाठी एसीटीएच टोचून पुन्हा मोजतात. ‘ॲड्रिनल फटीग’ नावाखाली ऑनलाइन विकले जाणारे लाळेचे किट आणि चूर्णं यांना हॉर्मोनतज्ज्ञांच्या शास्त्रात जागा नाही. त्यावर पैसे घालवू नका.

निदान झालं की उपचार सोपा: हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला १५ ते २५ मिलिग्रॅम, दोन-तीन वेळांत वाटून, मोठा भाग सकाळी. ग्रंथीच नष्ट झाली असेल तर मीठ धरून ठेवणारं फ्लुड्रोकॉर्टिसोनही. अवघड आहे ते आजारपणाचे दिवस सांभाळणं. निरोगी शरीर तापात कॉर्टिसॉल आपोआप वाढवतं, तुमचं वाढवू शकत नाही. म्हणून ताप आला तर गोळी दुप्पट, जास्त ताप असेल तर तिप्पट, दोन-तीन दिवस, आणि बरं वाटलं की पुन्हा नेहमीवर. हे आकडे आपल्या डॉक्टरांकडून मराठीत लिहून घेऊन फ्रिजवर चिकटवा. गोळी घेतल्यापासून अर्ध्या तासाच्या आत उलटून पडली तर एकदा परत घ्या. तीही पडली तर वाट पाहू नका, जवळच्या कुठल्याही दवाखान्यात हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि सलाइन. दात काढणं, एंडोस्कोपी, ऑपरेशन यांआधी भूलतज्ज्ञांना सांगा. पाकिटात कार्ड ठेवा: ‘मला ॲड्रिनल ग्रंथीचा आजार आहे. उलट्या, बेशुद्धी किंवा अपघात झाल्यास हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅ ताबडतोब द्यावे.’ वारीला, ट्रेकला, लांबच्या प्रवासाला जाताना इंजेक्शनची कुपी आणि सुई सोबत हवी आणि ते टोचता येणारं एक माणूसही.

ॲड्रिनलचं हॉर्मोन जास्त असेल तर

हे थोडक्यात. गोल लालसर चेहरा, पोटावर बोटभर रुंद जांभळे पट्टे, जरा लागलं की काळंनिळं आणि जमिनीवरून उठताना हाताचा टेकू: हे कुशिंग, म्हणजे कॉर्टिसॉलचा अतिरेक. आधी स्टेरॉइड घेतल्याचा शोध घ्या. ते नसेल तर रात्री अकराला डेक्सामेथासोन १ मिलिग्रॅम घेऊन सकाळी आठला कॉर्टिसॉल, जे १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली यायला हवं. तीन औषधांनीही न बधणारा रक्तदाब किंवा रक्तदाबासोबत कमी पोटॅशियम असेल तर अल्डोस्टेरॉन आणि मूत्रपिंडातून येणारं रेनिन यांचं गुणोत्तर तपासा. डोकेदुखी, घाम आणि धडधड हे तिन्ही झटक्याने येत-जात असतील तर ॲड्रिनलच्या गाभ्यातल्या गाठीच्या संशयाने मेटानेफ्रिन तपासा. तिथे रक्तदाबाच्या औषधांची सुरुवात बीटा-ब्लॉकरने करायची नसते, आधी अल्फा-ब्लॉकर. नवजात मुलगा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या करून मलूल होत असेल आणि सोडियम कमी असेल तर ॲड्रिनलचा जन्मजात दोष मनात हवा. मुलींत तो जन्मतःच जननेंद्रियांच्या ठेवणीवरून ओळखू येतो, मुलांत नाही.

हॉर्मोनतज्ज्ञांकडे जाताना जुने रिपोर्ट तारखेच्या क्रमाने लावा, बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड शोधून काढा आणि घरातली सगळी औषधं पिशवीत भरून न्या, मलमांच्या ट्यूब आणि केसांच्या गोळ्यांसकट. पुडी देणाऱ्याने औषधाचं नाव सांगितलं नसेल तर पुडीच न्या.